दाराशी थांबलेला कवी

४ जून

ती. आत्यास साष्टांग नमस्कार.

तू फोन घेत नाहीस म्हणून पत्र. 'फोनवरचं बोलणं दुरुस्त करता येत नाही' हे तुझं कारण मी इथे विभागात सांगितलं तर लोक हसले. मला हसू आलं नाही. लहानपणी सुट्टीत मी तुला लिहिलेली पत्रं तू लाल पेन्सिलीने रंगवून, शेवटचा भाग कात्रीने कापून परत पाठवायचीस, ते मला अजून आठवतं. तेव्हा आधीच हात जोडतो. मी आता चाळिशीला आलो, विद्यापीठात शिकवतो, या पत्राला कात्री लावू नकोस.

कामाचं लिहितो. माझं पुस्तक होतंय. आधुनिक कवींच्या जगण्यातले आणि लिहिण्यातले समान धागे असा विषय आहे. तुझ्या मासिकाने ज्यांना पुढे आणलं ते चार कवी मी घेतले आहेत, म्हणजे आपण घरात ज्यांना मफलर, नाराज, औषधवाले आणि गणिताच्या बाई म्हणायचो तेच. चौघांचा अभ्यास करताना मी अक्षरशः चक्रावलो. चौघांचेही वडील लवकर गेले. चौघांनीही उमेदीची वर्षं भाड्याच्या खोल्यांत काढली. चौघांनाही झोप येत नसे. इतकं साम्य योगायोगाने येत नाही. तू त्या सगळ्यांना जवळून पाहिलंस, तर तुला आठवेल ते कळव. वर्षाच्या शेवटी आमच्या विभागप्रमुखाची खुर्ची रिकामी होते आहे आणि ज्याच्या हातात पुस्तक असेल तो तिच्यावर बसेल, हे उघड आहे.

बाबा बरे आहेत. मागच्या खोलीत असतात. आमचं संभाषण तुला ठाऊक आहेच. पाणी तापलं, पेपर आला, जाताना दार ओढून घे. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत जन्मभर नकाशे काढले, पण घरातल्या माणसापर्यंत जायचा रस्ता काही त्यांना सापडला नाही. आई होती तोवर ती दोघांच्या मधे निरोप पोचवायची. आता निरोपही बंद आहेत.

आत्या, कवी म्हणजे काळाच्या कपाळावरची भळभळती जखम असते, आणि ती जखम वाचायला शिकणं हेच समीक्षकाचं व्रत होय, असं मी मानतो.

तुझा,
भाचा


१५ जून

चि. विद्वानास आशीर्वाद.

सोबत तुझं पत्र परत पाठवते आहे. शेवट कापला आहे. बाबांबद्दल लिहून झालं तिथे तुझं पत्र संपलं होतं, पण तुला ते कळलं नाही आणि तू कपाळावरच्या जखमेपर्यंत गेलास. जखम भळभळत असेल तर माणूस मलमपट्टी करतो, विद्वान तिला व्रत म्हणतो. 'उमेदीची वर्षं' वर लाल खूण आहे. त्या चौघांपैकी उमेद फक्त मफलरला होती, आणि तीही पुरस्काराची.

आता तुझे धागे.

वडील लवकर गेले म्हणतोस. औषधवाल्याचे वडील नव्वदीपर्यंत ठणठणीत होते आणि मुलाच्या कविता ऐकून मांडी थोपटून हसायचे. त्याने त्यांना कवितेत मारलं, कारण जिवंत बापावर लिहिलेलं कुणी छापत नव्हतं. त्याच्या एका कवितेत चिता आहे ना? ती वाचून म्हातारा म्हणाला होता, लाकडं तरी चांगली आणायचीस.

भाड्याची खोली. अरे, त्या गावात सगळेच भाड्याने राहायचे. माझा दूधवालाही भाड्याने राहायचा. त्याने एकही कविता लिहिली नाही, हे त्याचे माझ्यावर उपकार आहेत.

झोप येत नसे! नाराज दुसऱ्यांच्या कवितावाचनात पहिल्या रांगेत बसून घोरायचा. स्वतःचं नाव पुकारलं की बरोबर जागा व्हायचा. हा रोग असेल तर मलाही हवा होता. गणिताच्या बाई मात्र खरंच जागायच्या, पण त्या उत्तरपत्रिका तपासायला. तू त्याला 'शून्याचा ध्यास' म्हणशील याची मला खात्री आहे.

समान धागा हवाच असेल तर एक देते. चौघंही माझ्या बैठकीच्या खोलीत बसून चहा प्यायचे, आणि एकाने म्हणून कधी आपला कप उचलून आत नेला नाही. शिवाय चौघांनाही दोन-दोन कान होते. हेही पुस्तकात घाल, पानं वाढतील.

माझ्या भावाला म्हणावं, कंबरेला शेक घेत जा. आणि तू त्याच्या खोलीत जाऊन बसत जा. रस्ता सापडला नाही म्हणतोस, पण घर तीन खोल्यांचं आहे.

आत्या


२ जुलै

ती. आत्यास नमस्कार. (साष्टांग या वेळी नाही.)

तुझी खोड काही जायची नाही. कापलेलं पत्र मिळालं. बायकोने टपालवाल्यासमोरच उघडलं, आणि 'उंदराने खाल्लं वाटतं' असं तो म्हणाला.

तू चेष्टा केलीस ते ठीक आहे. चरित्रातले धागे मी थोडे सैल विणले असतील. पण माझा मुख्य धागा तुला अजून सांगितलेलाच नाही, आणि त्याची चेष्टा तुलाही करता येणार नाही. तो आहे तुटलेल्या शेवटाचा.

तुझ्या मासिकातली या चौघांची कुठलीही कविता घे. ती संपत नाही, तुटते. मफलरची विहिरीची कविता पोहरा अर्ध्यावर असताना थांबते. बाईंची कविता 'म्हणून' या शब्दावर थांबते! 'म्हणून' नंतर काय, ते जगाला कधीच कळलं नाही. त्यांच्या आधीच्या पिढीचे कवी शेवटी काहीतरी शिकवायचे, सांगायचे, समजूत घालायचे. या चौघांनी ते नाकारलं. निष्कर्षावरचा त्यांचा विश्वासच उडाला होता. एकमेकांशी धड न बोलणारी चार माणसं एकाच काळात एकाच जागी तोडतात, याला मी काळाचा आवाज म्हणतो. विभागात मी यावर बोललो तेव्हा टाळ्या पडल्या.

दुसरी गोष्ट जरा नाजूक आहे, रागावू नकोस. चौघांच्याही त्या वर्षांतल्या कवितांत एक 'ती' येते, आणि तिच्या हातात नेहमी काहीतरी धारदार असतं. मफलर लिहितो, 'ती माझी सावली पायाशी छाटते.' नाराजच्या कवितेत 'तिच्या बोटांत पातं' आहे. औषधवाल्यांच्या कवितेत ती 'हसत हसत कापते'. बाईंच्यासुद्धा कवितेत आहे, तिथे ती मैत्रीण आहे. आत्या, ती तू आहेस ना? तू लग्न केलं नाहीस, तुझं घर त्या सगळ्यांचं येण्याचं ठिकाण होतं. कोणाकोणाचं मन तू मोडलंस? मी नाव घेणार नाही, फक्त एक तळटीप देईन.

आणि शेवटचं प्रकरण बाबांवर आहे. दचकलीस ना? तुझ्या मासिकात त्यांची एकच कविता आली होती, ती मला ग्रंथालयात सापडली. मी दोन-अडीच वर्षांचा असताना आजारी होतो, तेव्हाची.

दुपारी घरी आलो.
चपला हातात घेतल्या.
तुझ्या खोलीत पंखा फिरत होता,
आणि तुझा श्वास पंख्याहून मोठा.
दाराशी थांबलो.

संपली. पोरगं आत तापाने फणफणलंय आणि बाप दाराशी थांबतो. आत्या, ही ओळ वाचली आणि माझं सगळं लहानपण मला समजलं. माझ्या परीक्षा, माझं आजारपण, माझं लग्न, आई गेली तो दिवस. हा माणूस प्रत्येक वेळी दारापर्यंत आला आणि तिथेच उभा राहिला. चौघांच्या तुटलेल्या शेवटांचा अर्थ मला माझ्या घरातच मिळाला. पुस्तकातलं हे सगळ्यात चांगलं प्रकरण झालंय, असं मीच काय, माझे प्रकाशकही म्हणतात.

भाचा


११ जुलै

चि. विद्वानास,

पत्र परत पाठवलंय. या वेळी अर्ध्याहून जास्त कापलं.

प्रेम! मफलरच्या अंगाला बारा महिने कापराचा वास यायचा. नाराजच्या प्रेमात पडायचं तर आधी त्याची माफी मागावी लागली असती, कशाबद्दल ते नंतर कळलं असतं. औषधवाला बोलता बोलता खिशातून गोळ्या काढून वाटायचा. यांच्यासाठी मी लग्नाची राहिले, असं तू छापणार? मी लग्न केलं नाही कारण मला संध्याकाळी घरात शांतता आवडते. घाल ही तळटीप.

'ती'च्या हातात धारदार काय होतं ते तू शोधून काढ. समीक्षकाचं व्रत घेतलंयस ना? माझ्याकडून परत आलेली तुझी पत्रं समोर ठेवून बस आणि डोकं खाजव.

तुझ्या बापाला मात्र या रांगेत बसवू नकोस. ते प्रकरण काढून टाक. कारण विचारू नकोस. संपादकाच्या टेबलावर जे होतं ते टेबलावरच राहतं, हा नियम मी सगळी वर्षं पाळला, आता तुझ्या खुर्चीसाठी मोडणार नाही. एवढंच सांगते की त्या कवितेवरून त्याला ओळखायला जाशील तर तोंडघशी पडशील.

अरे, तो त्याच घरात आहे. मागच्या खोलीत. ग्रंथालयात जाऊन त्याला कसला शोधतोस?

आत्या


९ ऑगस्ट

ती. आत्यास,

तुझ्या पत्राचा अर्थ मी लावला. बाबा तुझ्या लेखी दुय्यम कवी आहेत, एका कवितेचे धनी, आणि त्यांना तुझ्या मोठ्या चौघांच्या पंगतीला बसवलेलं तुला खपत नाही. इतकी वर्षं झाली तरी संपादकाचा ताठा तसाच आहे! पण सख्ख्या भावाच्या बाबतीत तरी तो सोडायला हवा होतास. मी प्रकरण काढलेलं नाही. पुस्तक छापखान्यात गेलं आहे. पुढच्या महिन्यात प्रकाशन आहे आणि कुलगुरू यायचे आहेत.

बाबांना प्रकरणाची प्रुफं मीच नेऊन दिली. मनात होतं की आता तरी हा माणूस काही बोलेल, रागावेल, प्रुफं भिरकावून देईल. मी त्यासाठी तयार होतो. खरं सांगू, मला ते हवंच होतं.

त्यांनी सगळं वाचलं. सावकाश, ओळीखाली पट्टी धरून, नकाशा तपासावा तसं. मग चष्मा पुसला. म्हणाले, "टाइप बारीक आहे."

मी म्हटलं, "आणि मजकूर?"

"मजकूर चांगला आहे. कष्ट घेतलेस." मग विचारलं, "ताईला दाखवलंस का?"

"आत्याला कशाला?"

"नाही, दाखवावंस. तिचा अंक होता." एवढं बोलून पेपर उघडला. मी उभाच. मला म्हणाले, "जाताना दार ओढून घे."

बघ! मुलगा आपल्याबद्दल चारचौघांत काय सांगणार आहे ते वाचून हा माणूस टाइप बारीक आहे म्हणतो. मला राग आला आणि वाईटही वाटलं, मग वाटलं की प्रकरणाला याहून चांगला पुरावा कुठला मिळणार? तेवढा प्रसंग मी शेवटी जोडूनही दिला.

त्यांची इच्छा म्हणून प्रुफं तुला पाठवतो आहे. कापू नकोस, हा छापखान्याचा माल आहे. शेवटचं वाक्य तुला आवडणार नाही, पण मला ते माझ्या आयुष्यातलं सर्वात खरं वाक्य वाटतं: 'हा कवी आयुष्यभर दाराशी थांबला, आणि आतल्या मुलाने कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं.'

भाचा


१७ ऑगस्ट

गाढवा,

विद्वान वगैरे आता पुरे झालं.

तुझ्या बापाने 'ताईला दाखवलंस का' असं विचारलं, आणि तुला त्यात काहीच दिसलं नाही? तो माझा नियम पाळत होता. जे मी सांगायचं ते त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलं नाही, प्रुफं माझ्याकडे धाडून माझ्यावर सोडलं. माझा भाऊ मितभाषी आहे, पण मूर्ख नाही. मूर्खपणा तुझ्यात तुझ्या आईकडूनही आला नसावा, ती शहाणी बाई होती. तो तू स्वतः शिकून मिळवलास.

आता नीट वाच.

माझं मासिक म्हणजे घडी घातलेला एक मोठा कागद होता. एका कवितेला एक बाजू. आणि कवी ही जात मला पहिल्या वर्षातच कळली होती. कवी म्हणजे निरोप घेऊन झाल्यावर, चपला पायात घालून, दारात तासभर बोलत राहणारा पाहुणा. सांगायचं ते सांगून झालेलं असतं, पण त्याचा पाय निघत नाही. मग तो कवितेचा अर्थ सांगतो, मग जगाचा सांगतो, मग आकाशाकडे बघतो. मी फक्त दार लावून घ्यायची. सगळ्यांचे शेवट मी कापले. हो, सगळ्यांचे. मफलरचा पोहरा वर आला होता, त्यात चंद्र होता आणि चंद्रात आई होती. मी पोहरा अर्ध्यावर सोडला. बाईंच्या 'म्हणून' नंतर पुढे आठ ओळींचा उपदेश होता, शाळेच्या फळ्यावर शोभला असता.

पहिल्यांदा सगळे रडले, भांडले, माझ्यावर कविता लिहिल्या. 'तिच्या बोटांत पातं' तुला सापडलं ना? कात्री होती ती, शिंप्याची कात्री, अजून माझ्या टेबलावर आहे. मग लोक 'वा' म्हणू लागले, तसे ते गप्प झाले. संग्रह काढले तेव्हा चौघांनीही माझेच शेवट ठेवले आणि मुलाखतींतून निष्कर्षावरचा विश्वास उडाल्याचं सांगू लागले. पुढे तर आधीच कापून आणायचे. त्याला तुम्ही लोक प्रगल्भता म्हणता. तुझ्या काळाच्या आवाजाला माझ्या कात्रीची धार होती, आणि ज्याची पत्रं लहानपणापासून त्याच कात्रीने कापून परत गेली, त्या एकट्या माणसाला हे सुचू नये? टाळ्या पडल्या म्हणे!

तुझ्या बापाचाही शेवट कापला. सख्खा भाऊ म्हणून सोडला असता तर इतरांना काय तोंड दाखवलं असतं? चांगल्या ओळी मला आठवत नाहीत, वाईट ओळी मात्र डोक्यातून जाता जात नाहीत, हा संपादकाला लागलेला शाप आहे. 'दाराशी थांबलो' च्या पुढे असं होतं:

मग आत आलो. कपाळ पाहिलं. ताप उतरला होता.
मी रडलो, हे तुला कुणी सांगणार नाही.
झोपेत तू माझ्या शर्टाचं बटण धरलंस.
ते सुटू नये म्हणून दिवेलागणीपर्यंत
मी वाकून उभा राहिलो,
माझ्या सोन्या, माझ्या बाळराजा!

ताप, रडणं, बटण, आणि वर सोन्या आणि बाळराजा! एका कवितेत इतकं कुणी सहन करावं? 'दाराशी थांबलो' ही चांगली ओळ होती, तिच्यावर मी थांबले. आजही तिथेच थांबेन. माझ्याकडून माफी वगैरे अपेक्षू नकोस, कवितेचं मी भलंच केलं.

अंक निघाला तेव्हा तो हातात घेऊन तुझा बाप माझ्याकडे आला होता. बसलासुद्धा नाही. म्हणाला, "ताई, मी आत गेलो होतो गं."

मी म्हटलं, "तू गेला असशील. कविता गेली नाही."

त्याने मान हलवली, अंक घडी करून खिशात ठेवला आणि गेला. पुढे एकही कविता आणली नाही. मला वाटलं, बरं झालं, जगात एक कवी कमी झाला.

ती कविता होती, गाढवा. कविता मी कापली. त्याचं आयुष्य मी कापलेलं नव्हतं, ते तू कापलंस. माझ्या अर्ध्या कागदावरून तू जिवंत माणसाचा निवाडा केलास आणि तो कुलगुरूंच्या हस्ते प्रकाशित करणार आहेस. तुझं ते शेवटचं वाक्य वाचून मला राग आला. आणि त्याचं वाईट वाटलं. तो पट्टी धरून ते वाक्य वाचत होता, आणि म्हणाला टाइप बारीक आहे.

तुझी आई त्या दुपारी दवाखान्यात कामाच्या पाळीवर होती, आणि आता ती नाही, तिला विचारता येणार नाही. माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. उठ आणि मागच्या खोलीत जा.

प्रुफं परत पाठवत नाही. बंबात घातली.

आत्या


२१ सप्टेंबर

ती. आत्यास साष्टांग नमस्कार.

उत्तराला उशीर झाला. तुझं पत्र आलं तेव्हा पहिले काही दिवस मला फक्त माझा राग आला नाही, बाकी सगळ्यांचा आला. तुझा आला, त्या चार ढोंग्यांचा आला. संग्रहांवर सह्या करून देताना एकानेही म्हणू नये की बाबा रे, हा शेवट माझा नाही? वर्गात मी त्या 'म्हणून' वर दोन तास बोललो होतो. मुलांनी वह्या भरून टिपणं घेतली. आठ ओळींचा उपदेश!

छापखान्यात जाऊन पुस्तक थांबवलं. मुख्य धागाच तुझ्या टेबलावरचा निघाला, मग उरलं काय? दोन-दोन कान असलेली चार माणसं आणि चहाचे कप. प्रकाशक मला काय म्हणाले ते इथे लिहीत नाही, तू लाल पेन्सिलीने त्यात सुधारणा सुचवशील. खुर्चीवर आता तो बसणार जो गेली कित्येक वर्षं पावसावरच्या कवितांची वर्गवारी करतोय. विभागात सगळे फार सहानुभूतीने बोलतात, म्हणजे खूश आहेत.

मग बाबांकडे गेलो. लगेच नाही. गेलो तेव्हा रविवार होता, ते खिडकीशी बसून पेपर वाचत होते. मी दाराशी थांबलो. हसू नकोस, पाय पुढे जाईना. तिथूनच विचारलं, "बाबा, मी आजारी होतो, आई पाळीवर होती, त्या दुपारी तुम्ही आत आला होतात?"

त्यांनी पेपर खाली केला आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू मी कचेरीतला नवा शिकाऊ आहे आणि नळाची रेघ उलटी काढून आणली आहे.

"मग काय, पोरगं तापाने फणफणलेलं असताना दारात उभा राहणार होतो?"

"मग तुम्ही मला सांगितलं का नाही? प्रुफं वाचलीत तेव्हा तरी!"

"तू इतका खूश होतास," ते म्हणाले. "खुर्ची मिळणार म्हणून. म्हटलं, आपलं काय जातंय." मग म्हणाले, "ताईने कापलं ते बरोबर होतं. शेवट वाईटच होता. बाळराजा काय!" आणि ते हसले. आत्या, मी त्यांना हसताना शेवटचं कधी पाहिलं ते मला आठवेना. मग म्हणाले, "आता तू तरी दारात का उभा आहेस? आत ये, आणि दार ओढून घे, बाहेरून आवाज येतो."

म्हणजे ते मला जा म्हणत नव्हते. इतकी वर्षं मी 'जाताना दार ओढून घे' यातलं जाणं ऐकत होतो, पण आधी मीच निघायला उठलेला असायचो.

आम्ही दुपारभर बसलो. फार बोललो नाही. कंबर कधीपासून दुखते विचारलं तर म्हणाले, जुनी आहे. निघताना पाहिलं, त्यांच्या शर्टाचं वरून दुसरं बटण सुटलं होतं. मी वाकून ते लावलं. बोटं बटणावर तशीच राहिली, काढवेनात, आणि मी रडलो, आत्या, चांगला हुंदके देऊन रडलो, आणि ते माझ्या डोक्यावर हात ठेवून 'अरे, अरे' म्हणत राहिले. माझे बाबा, माझे एवढे मोठे, भोळे, गप्प बाबा!

तुझा,
भाचा


२९ सप्टेंबर

चि. भाच्यास अनेक आशीर्वाद.

पुस्तक फेकू नकोस. त्या चौघांबद्दल पुन्हा लिही आणि पहिल्याच पानावर सांग की शेवट संपादकाने कापले होते. माझा नियम एकदा मोडला आहे, आता मोडलेलाच राहू दे. मफलर उपोषणाला बसेल. नाराज नाराज होईल, त्यासाठी त्याला निराळे कष्ट नाहीत. तुला खुर्ची मिळणार नाही, पण वाचायला मजा येईल, आणि तुझ्या धंद्यात असं सहसा होत नाही. बापाला शेकायला गरम पाण्याची पिशवी आण. मी पुढच्या महिन्यात येते आहे. मला स्टेशनवर घ्यायला दोघंही या, आणि माझी पिशवी उचलताना त्याला वाकू देऊ नकोस.

तुझं पत्र वाचलं. शेवट भयंकर आहे. बटण, हुंदके, डोक्यावर हात, आणि वर उद्गारचिन्ह. बाप आणि मुलगा एकाच मातीचे. 'दार ओढून घे' पाशी पत्र संपलं होतं, हे तुला आजही कळलं नाही. मी पेन्सिल घेतली, कात्री घेतली, आणि टेबलाशी बसले.

हे पत्र मी परत पाठवत नाही. आहे तसं ठेवलं आहे, शेवटासकट.

आत्या